संताप आणि त्याची किंमत



ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. आयुष्याची पस्तीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवली, व्याख्यानेही पुष्कळ दिली. तरीही आज उभा राहताना थोडे दडपण वाटते. घराबाहेर तेलुगू, बाजारात उर्दूमिश्रित हिंदी आणि शाळेत मराठी अशा तिहेरी वातावरणात ज्यांनी आम्हांला भाषा दिली, त्यांच्यासमोर उभे राहून बोलत असल्यासारखे वाटते. गुरुजींना सैल वाक्य चालत नसे आणि खोटे वाक्य तर मुळीच चालत नसे.

आरंभी त्यांची एक आठवण सांगतो, कारण आजचा विषय मला तिथूनच सुचला. आम्ही सातवीत होतो. वर्गासाठी नवा नकाशा घ्यायचा म्हणून वर्गणी गोळा केली होती. ते पैसे नाहीसे झाले. गुरुजी संतापले, आणि तो संताप वसतिगृहात राहणाऱ्या एका गोंड मुलावर कोसळला. त्याने पैसे घेतल्याचा काहीही पुरावा नव्हता. वर्गात तो सर्वांत गरीब होता आणि त्याची बाजू घेणारे कोणी नव्हते, एवढेच. दोन छड्या बसल्या. दुसऱ्या दिवशी ते पैसे गुरुजींच्याच हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात सापडले. ही गोष्ट त्यांच्याखेरीज कोणालाच कळली नसती. परंतु त्या सकाळी प्रार्थना संपल्यावर गुरुजींनी त्या मुलाला पुढे बोलावले आणि सगळ्या शाळेदेखत सांगितले, "काल मी संतापलो. पैसे माझ्याच हजेरीपटात होते. माझा संताप चुकीच्या मुलावर निघाला. मी त्याची क्षमा मागतो." सहा दशके उलटली, तरी ते शब्द माझ्या कानांत आहेत.

आज मी सार्वजनिक जीवनातील संताप आणि दंभ यांविषयी बोलणार आहे. विषय राजकारणाला स्पर्श करणारा आहे, म्हणून आधीच स्पष्ट करतो की कोणत्याही एका पक्षाची बाजू घेण्यासाठी किंवा एकाला झोडपण्यासाठी मी उभा नाही. मी ज्या घटना सांगेन त्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांतून आपल्याला मोजण्याचे एखादे माप मिळते का, एवढेच पाहायचे आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. आपल्या परंपरेने क्रोधाला षड्रिपूंमध्ये बसवले आहे, हे खरे. पण त्याच परंपरेत ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'मन्यू'ची सूक्ते आहेत. तिथे मन्यू म्हणजे अन्यायाविरुद्ध उसळणारे तेज आणि त्याला देवता मानून आवाहन केले आहे. तेव्हा प्रत्येक संताप त्याज्य आहे, असे आपल्या पूर्वजांनी मानले नाही. दंभाला मात्र असा मान कुठेही मिळालेला नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी दंभापासूनच सुरू होते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात 'अदंभित्व' हे ज्ञानाचे लक्षण म्हणून विस्ताराने समजावले आहे. तुकोबांचा तर निम्मा झगडा दांभिकांशीच होता.

मराठीत आणखी एक सुंदर भेद आहे, 'सोंग' आणि 'ढोंग' यांतला. भारुडात, दशावतारात, बहुरूप्याच्या खेळात माणूस सोंग घेतो. तो राजा नाही हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. सोंगात फसवणूक नाही. ढोंगात ती असते. सार्वजनिक जीवनातला पुष्कळसा संताप हा या दोहोंच्या सीमेवर उभा असतो. सभेत मुठी आवळणारा पुढारी आणि टाळ्या वाजवणारा श्रोता, दोघांनाही कधी कधी मनातून ठाऊक असते की हे सोंग आहे. सोंग म्हणून ते आपण खपवून घेतो, आणि मग हळूहळू खरा संताप कसा दिसतो, हेच विसरून जातो.

खरा संताप ओळखायचा कसा? आवाजाच्या उंचीवरून तो ओळखता येत नाही. मला दोन कसोट्या सुचतात. पहिली, अन्याय करणारा आपला माणूस असला, तरीही तो संताप टिकतो का? आणि दुसरी, त्या संतापाची किंमत कोण मोजतो, संतापणारा की दुसराच कोणी?

या कसोट्यांसाठी एक जुना प्रसंग घेऊ. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. घरे तपासण्यासाठी गोरे सैनिक नेमले गेले आणि त्यांच्या वर्तनामुळे शहरात संतापाची लाट उसळली. त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. वय अवघे एकतीस. पुण्याहून मित्रांची पत्रे आली आणि त्यांत सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे लिहिले होते. गोखल्यांनी ते विश्वासाने 'मँचेस्टर गार्डियन' या पत्रातून जाहीर केले. विलायतेत खळबळ माजली. मुंबई सरकारने पुरावा मागितला. इकडे २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली होती आणि वातावरण विलक्षण तापले होते. गोखले जुलैअखेर मुंबईला परतले, चौकशी केली, आणि त्या विशिष्ट आरोपाला पुरावा उभा करता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे सांगून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी एकही नाव उघड केले नाही. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी बिनशर्त माफी प्रसिद्ध केली आणि सगळा दोष स्वतःकडे घेतला.

या माफीबद्दल त्यांना स्वकीयांकडून काय काय ऐकावे लागले, हे त्यांच्या चरित्रात वाचायला मिळते. भित्रा म्हणून त्यांची संभावना झाली आणि काही काळ सार्वजनिक जीवनात त्यांची अवस्था बहिष्कृतासारखी होती. त्याच दिवसांत लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. माफीचा मार्ग त्यांच्यापुढेही होता. ते त्या वाटेने गेले नाहीत, कारण आपण जे लिहिले ते खरे आहे अशी त्यांची धारणा होती. आपल्याकडे या दोन घटना परस्परांविरुद्ध उभ्या करण्याची सवय आहे. मला त्यांत विरोध दिसत नाही. एकाने जे सिद्ध करता येत नव्हते ते मागे घेतले, दुसऱ्याने जे खरे मानले ते मागे घेतले नाही. दोघांनीही आपल्या शब्दाची किंमत स्वतः मोजली. एकाने ती प्रतिष्ठेच्या रूपाने मोजली, दुसऱ्याने तुरुंगवासाच्या.

इथे कोणी विचारील की बोलणे आणि वागणे यांत अंतर पडले म्हणजे माणूस दांभिक ठरतो का? तसे म्हटले तर आपल्यापैकी कोणीच सुटणार नाही. न्यायमूर्ती रानड्यांचेच उदाहरण घ्या. विधवाविवाहाच्या चळवळीचे ते आधारस्तंभ. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. विरोधकांनी याचे भांडवल केले आणि ते साहजिकच होते. स्वतः रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा प्रसंग न लपवता लिहिला आहे. रानडे इथे कमी पडले, हे मान्य केलेच पाहिजे. पण एक गोष्ट त्यांनी केली नाही. आपल्या दुबळेपणाला त्यांनी तत्त्वाचे नाव दिले नाही. स्वतः विधवेशी विवाह केला नाही म्हणून विधवाविवाहच अयोग्य, असे सांगत ते फिरले नाहीत. चळवळीला त्यांचा पाठिंबा पुढेही राहिला आणि टीका त्यांनी निमूटपणे सोसली.

माझ्या मते दंभाची खरी सुरुवात इथे होते. माणूस चुकतो, कचरतो, घसरतो. ज्या क्षणी तो घसरण्यालाच धर्म म्हणू लागतो आणि काल ज्या कृत्यासाठी दुसऱ्यावर आग पाखडली त्याच कृत्याला आज 'जनतेचा कौल' किंवा 'मतदारसंघाचा विकास' म्हणतो, त्या क्षणी तो दांभिक होतो.

आता आपल्या काळाकडे आणि आपल्या राज्याकडे येऊ. पक्षांतर या विषयावर आपल्या देशात जितका संताप व्यक्त झाला, तितका क्वचितच दुसऱ्या विषयावर झाला असेल. १९६७ च्या निवडणुकीनंतर हरियाणातल्या एका आमदाराने अल्पावधीत अनेकदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग सर्व भारतीय भाषांत रूढ झाला. लोकसभेच्या ठरावानुसार तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९६९ च्या तिच्या अहवालात धक्का देणारे आकडे आहेत. १९६७ च्या निवडणुकीनंतरच्या एका वर्षात देशात ४३८ पक्षांतरे झाली, आणि पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाली. रोगाचे निदान इतके स्पष्ट झाले असूनही औषध यायला १९८५ साल उजाडले. बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. त्यात एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मोकळीक होती, ती २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने काढून टाकली. दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट मात्र उघडी राहिली. समितीचे अध्यक्ष असलेले यशवंतराव स्वतः १९७९ साली फाटाफुटीतून निर्माण झालेल्या चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले. हे सांगताना मला आनंद होत नाही. ज्यांच्याविषयी मनात आदर आहे त्यांच्या बाबतीतही माप तेच ठेवावे लागते, म्हणून सांगितले.

२ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य अस्तित्वात आले. तेव्हा आपला जिल्हा अखंड होता. जिल्ह्यात विधानसभेच्या दहा जागा. निर्मल आणि सिरपूर येथून बहुजन समाज पक्षाचे दोन आमदार निवडून आले होते. त्या पक्षाचे राज्यात एवढेच आमदार होते. दोघेही तेलंगणा राष्ट्र समितीत गेले आणि दोनांपैकी दोन म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक, म्हणून कायद्याने ते विलीनीकरण ठरले. त्यांपैकी एकजण त्याच वर्षी मंत्री झाले. मुधोळहून निवडून आलेले काँग्रेसचे एकमेव आमदारही पुढे त्याच वाटेने गेले. २०१८ च्या निवडणुकीत आसिफाबादेत काँग्रेसचा उमेदवार अवघ्या काही मतांनी विजयी झाला आणि २०१९ मध्ये तोही सत्ताधारी पक्षात गेला. त्या वर्षी ६ जूनला काँग्रेसच्या अठरा आमदारांपैकी बारा जणांनी विलीनीकरणाचे पत्र सभापतींना दिले. अठराचे दोन तृतीयांश म्हणजे बरोबर बारा. गणित इतके काटेकोर होते! काँग्रेसने हा लोकशाहीचा खून असल्याचे म्हटले. विधिमंडळ पक्षाचे नेते भट्टी विक्रमार्क यांनी हैदराबादेत उपोषण केले. तो संताप मला तेव्हा योग्य वाटला होता आणि आजही योग्य वाटतो.

डिसेंबर २०२३ मध्ये पारडे फिरले. काँग्रेसला बहुमत मिळाले आणि भट्टी विक्रमार्क उपमुख्यमंत्री झाले. मार्च ते जुलै २०२४ या अवधीत भारत राष्ट्र समितीचे दहा आमदार काँग्रेसच्या बाजूला गेल्याच्या तक्रारी झाल्या. त्यांतल्या एकाने तर विधानसभेची जागा न सोडता काँग्रेसच्या तिकिटावर सिकंदराबादची लोकसभा निवडणूक लढवली. याच काळात, एप्रिल २०२४ मध्ये, काँग्रेसचा निवडणूक जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि पक्ष बदलताच सदस्यत्व आपोआप रद्द व्हावे अशी घटनादुरुस्ती करू, असे आश्वासन त्यात होते. आता संतापण्याची पाळी भारत राष्ट्र समितीची होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३१ जुलै २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सभापतींना तीन महिन्यांत निर्णय करण्यास सांगितले. असे अर्ज सभापतींकडेच ठेवण्याच्या व्यवस्थेचा संसदेने फेरविचार करावा, असेही न्यायालयाने सुचवले.

मित्रहो, एक छोटा प्रयोग करून पाहा. २०१९ मधील काँग्रेसची पक्षांतरविरोधी भाषणे घ्या आणि २०२४ मधील भारत राष्ट्र समितीची घ्या. त्यांतली पक्षांची नावे झाकून वाचा. कोणते भाषण कोणाचे, हे ओळखणे कठीण जाईल. संताप तोच आहे, शब्दही जवळजवळ तेच आहेत, फक्त माणसे सभागृहाच्या एका बाजूची उठून दुसऱ्या बाजूला बसली आहेत. आपल्या शेजारी महाराष्ट्रातही वेगळे काही घडलेले नाही. २७ जून २०२३ रोजी पंतप्रधानांनी भोपाळच्या भाषणात राष्ट्रवादी काँग्रेसवर सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला, आणि अवघ्या पाच दिवसांनी, २ जुलैला, त्याच पक्षाचे ज्येष्ठ नेते भारतीय जनता पक्ष सहभागी असलेल्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले. आरोप खरे होते की खोटे, हे मी सांगू शकत नाही. परंतु खरे असतील तर सत्तेत सोबत कशी घेतली, आणि खोटे असतील तर गोखल्यांसारखे ते मागे का घेतले नाहीत, हा प्रश्न कोणीही साधा नागरिक विचारू शकतो. १८९७ साली एका तरुण प्राध्यापकाला जे जमले, ते आज मोठमोठ्या पक्षांना का जमू नये?

पुढाऱ्यांवर टीका करणे सोपे असते, आणि श्रोत्यांनाही ते आवडते. इथे थांबलो तर माझे हे भाषण म्हणजे आणखी एक सोंग ठरेल. म्हणून दुसरी बाजू सांगणे मला भाग आहे.

इथून बसने तासाभराच्या अंतरावर इंद्रवेल्ली आहे. २० एप्रिल १९८१, सोमवार, आठवडी बाजाराचा दिवस. जमिनीच्या प्रश्नावर आदिवासींच्या गिरिजन रयतू कुली संघमची सभा व्हायची होती. सभेला परवानगी नाकारली गेली, पण दूरदूरच्या गुड्यांवरून माणसे आधीच निघाली होती. गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. मानवी हक्क संघटनांनी तो याहून कितीतरी मोठा असल्याचे वेळोवेळी म्हटले आहे. ज्या जमिनींसाठी १९४० साली जोडेघाटला कोमराम भीम धारातीर्थी पडले, त्याच जमिनी पुढच्या चाळीस वर्षांत कशा हातोहात गेल्या, याची साक्ष मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी लिहून ठेवली आहे. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाऊ नयेत म्हणून १९७० चा कायदा होता, तो कागदावर राहिला. आणि त्या जमिनी घेणाऱ्यांत, सावकारीचे कागद लिहिणाऱ्यांत, सीमेपलीकडून येऊन स्थायिक झालेली आपली मराठी माणसेही होती.

त्या वर्षी मी तरुण अध्यापक होतो, सीमेच्या पलीकडे एका महाविद्यालयात नुकताच लागलेला. नोकरी कायम व्हायची होती. दरवर्षी १ मे रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांवर बोलण्याचे काम माझ्याकडे असे. त्या १ मेलाही मी बोललो. मुंबईत झालेल्या गोळीबाराविषयी, शंभराहून अधिक हुतात्म्यांविषयी, निःशस्त्र लोकांवर गोळी चालवणाऱ्या राजवटीविषयी मी तावातावाने बोललो. श्रोत्यांचे डोळे पाणावले. इंद्रवेल्लीला तेव्हा अकरा दिवस झाले होते. मी तिचे नावही काढले नाही. पहिल्या रांगेत बसलेल्यांपैकी काहींच्या शेतजमिनी त्या भागात होत्या, हे मला ठाऊक होते. भाषण उत्तम झाले, असे सर्वांनी सांगितले. मलाही तसेच वाटले. घरी आल्यावर मात्र मला शाळेतला तो गोंड मुलगा आठवला आणि रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी काही बोलावे, कुठे लिहावे, असे मनात आले. मी बोललो नाही आणि लिहिलेही नाही. पुढच्या वर्षी माझी नोकरी कायम झाली.

माझ्या त्या संतापाची किंमत कोणी मोजली होती? १९५६ च्या हुतात्म्यांनी. मी फक्त ती उसनी घेऊन टाळ्या मिळवल्या. आणि अन्याय करणारे जिथे माझ्या भाषेचे, माझ्या ओळखीचे होते, तिथे माझा संताप गप्प बसला. मी सुरुवातीला ज्या दोन कसोट्या सांगितल्या, त्या दोन्हींत मी नापास झालो होतो. पुढाऱ्यांच्या दंभावर बोलण्याचा मला अधिकार असलाच, तर तो एवढ्यापुरता आहे की तो रोग आतून कसा असतो, हे मी अनुभवले आहे.

इंद्रवेल्लीच्या बाबतीत पक्षांचे वर्तनही असेच राहिले. १९८१ मध्ये राज्यात काँग्रेसची सत्ता होती. नंतर तेलुगू देसम आली, पुन्हा काँग्रेस आली, मग तेलंगणा राष्ट्र समिती आली. हुतात्म्यांचा स्तंभ १९८६ मध्ये उद्ध्वस्त केला गेला आणि पुन्हा उभा राहिला. विरोधात असताना त्या स्तंभाची आठवण बहुतेकांना झाली. तरीही कितीतरी वर्षे २० एप्रिलला तिथे फुले वाहायला जाणाऱ्यांना पोलिसांचा बंदोबस्त ओलांडून जावे लागले. ९ ऑगस्ट २०२१ रोजी, विरोधात असलेल्या काँग्रेसने आपल्या 'दंडोरा' सभांचा आरंभ इंद्रवेल्लीहूनच केला. २ फेब्रुवारी २०२४ रोजी रेवंत रेड्डी मुख्यमंत्री या नात्याने तिथे आले आणि स्मारकाच्या कामाची पायाभरणी झाली. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. उशिरा का होईना, आपल्या पक्षाच्या राजवटीत झालेल्या गोळीबाराच्या जागी जाऊन उभे राहणे हे न जाण्यापेक्षा बरेच. पण स्मारक पुरे झाल्याने हिशेब पुरा होत नाही. जमिनीचा प्रश्न काय झाला, हे विचारणे चालूच ठेवले पाहिजे, आणि ते सत्तेवर कोणीही असले तरी विचारले पाहिजे.

समोर बसलेले विद्यार्थी मला उद्या विचारतील, मग आम्ही करायचे तरी काय? कोणाचेही भाषण ऐकताना तीन साधे प्रश्न मनात ठेवा. हेच कृत्य याच्या बाजूच्या माणसाने केले तेव्हा हा काय म्हणाला होता? या संतापापायी याने स्वतःचे काय गमावले? आणि याचे म्हणणे चुकीचे ठरले, तेव्हा ज्या जागी उभे राहून आरोप केला त्याच जागी उभे राहून याने तो मागे घेतला का? हे तीन प्रश्न आधी आपल्या आवडत्या पुढाऱ्याला लावा, मग नावडत्याला. आणि सर्वांत शेवटी, घराचे दार लावून, स्वतःला. मतदार म्हणून आपण ज्या दिवशी आपल्याच पक्षाच्या फुटीर आमदाराला मत नाकारू, त्या दिवशी दहाव्या परिशिष्टाची गरज उरणार नाही. आज आपण तसे करत नाही. आपला उमेदवार पलीकडे गेला की तो फितूर आणि पलीकडचा आपल्याकडे आला की शहाणा, हे गणित आधी आपल्या ओसरीवर मांडले जाते, मग विधानसभेत.

संतापू नका, असे मी सांगणार नाही. ज्या समाजाला राग येत नाही तो समाज मेलेला असतो. आगरकरांनी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली सोसली, ती राग गिळून बसले नाहीत म्हणूनच. मात्र आपला राग नेमका कोणावर निघतो आहे, हे बघत चला. तो नेहमीच दूरच्यावर, परक्यावर किंवा दुबळ्यावर निघत असेल, तर त्यात काहीतरी खोट आहे, असे समजा.

शाळेतला तो गोंड मुलगा पुढे दोन वर्षे आमच्या वर्गात होता. नंतर त्याने शाळा सोडली आणि मग त्याची भेट झाली नाही. तो आज कुठे आहे, मला ठाऊक नाही. गुरुजींनी त्याची क्षमा मागितली, ती सगळ्या शाळेसमोर मागितली, कारण छड्याही सगळ्यांसमोरच मारल्या होत्या. १९८१ च्या १ मेला मी जे बोललो नाही, ते पुष्कळ लोकांसमोर बोललो नव्हतो. म्हणून आज गुरुजींच्या नावाने भरलेल्या या सभेत, आपणा सर्वांसमोर, मी ते बोललो. चव्वेचाळीसहून अधिक वर्षे उशीर झाला, हे मी जाणतो.